‘फी माफ’ म्हणतात मग खिडकीवर पैसे कशाचे? कॉलेजची पावती वाचायची रीत

मागच्या वर्षी जुलैत मामा पोरीला घेऊन इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला गेला, सोबत मी. पेरणी नुकतीच झालेली, खत-बियाण्यात हात रिकामा, तरी भाव येईल म्हणून घरात ठेवलेलं सोयाबीन मोडून थोडे पैसे बंडीच्या खिशात आणलेले. मी महिनाभर सांगत होतो की आता पोरींना फी माफ झालीय, पण मामाचा माझ्यावर काही भरवसा नव्हता. खिडकीवरच्या क्लार्कनं पण तेच सांगितलं, ट्युशन फी माफ आहे, बाकीचं तेवढं भरून टाका. बाकीचं म्हणजे पानभर यादी होती. मामानं बोट ठेवून एकेक ओळ वाचली, जिमखाना, ग्रंथालय, ओळखपत्र, युवक महोत्सव, विमा, वार्षिक अंक, अनामत, आणि खालून दुसऱ्या ओळीत माजी विद्यार्थी संघ फी. तिथं बोट थांबलं. "माजी म्हंजे? आत्ता तर पोरगी आत जायलीय की." क्लार्क हसला, मी पण हसलो, पण आकडा काही हलला नाही.

तेव्हापासून गावातली दोन-चार पोरं-पोरी माझ्याकडं कागदं घेऊन येतात, म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू. हे मुख्यतः मराठवाड्यातल्या पोरांसाठी आहे, म्हणजे संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात, पण नियम बहुतेक राज्यभर तेच आहेत.

आधी ‘माफ’ म्हणजे नक्की काय माफ ते डोक्यात पक्कं बसवा, कारण सगळा घोळ तिथंच आहे. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय, म्हणजे जीआर, सांगतो की व्यावसायिक कोर्सला शिकणाऱ्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखाच्या आत असलं तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. आधी ही सवलत ५० टक्के होती, २०२४-२५ पासून पूर्ण झाली. ॲडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश फेरीतून झालेलं पायजे, मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थास्तरावर सीट घेतली की हे विसरा. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं पण यात नाहीत. आता शब्द बघा, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. दोनच. जिमखाना, महोत्सव, विमा, ओळखपत्र हे त्यात कुठंच नाही. पेपरात मथळा येतो ‘मुलींना मोफत उच्चशिक्षण’, बाप तो मथळा वाचून येतो, आणि कॉलेजवाला जीआरमधले दोन शब्द दाखवतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर, भरणारा मात्र एकच.

पोरांचं वेगळं. ओपनमधल्या मुलांना ८ लाखाच्या आत उत्पन्न असलं तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून व्यावसायिक कोर्सला अर्धी ट्युशन फी मिळते, तिथं पण कॅपचीच अट. एससीच्या मुला-मुलींना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखाच्या आत, त्याच्या वर फ्रीशिप, म्हणजे फी माफी. ही एससीची शिष्यवृत्ती जरा नीट समजून घ्या, कारण तिच्यात ट्युशनसोबत सक्तीच्या, परत न मिळणाऱ्या इतर फीया पण धरतात, म्हणजे तुमच्याकडून जिमखान्याचे पैसे वरून मागितले तर तिथं विचारायला जागा आहे. आणि केंद्राचा ६० टक्के वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, त्यात कॉलेजच्या फीचा भाग असतो, तो कॉलेजला भरायचा असतो. पैसे आले की पोरं मोबाईल घेतात आणि मग निकालाच्या वेळी कॉलेज अडवतं, हे मी डोळ्यानं पाहिलंय.

कागदं. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, म्हणून एप्रिल लागला की नवीन काढायला टाका, निकाल लागायची वाट बघू नका. जूनमध्ये सेतूवर आणि आपले सरकार केंद्रावर जी गर्दी होते तिच्यात सर्व्हर पण झोपतो आणि तलाठी पण सापडत नाही. रहिवासी, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र), नॉन क्रीमीलेअर, रेशन कार्ड, गॅप असला तर गॅपचं ॲफिडेव्हिट. बँक खातं आधारला नुसतं ‘लिंक’ असून भागत नाही, सीडिंग झालेलं पायजे, म्हणजे सरकारी पैसे थेट त्याच खात्यात येतात, बँकेत जाऊन हाच शब्द वापरा. आणि आपल्याकडं आत्ता घरोघरी जो प्रश्न आहे, एसईबीसी टाकायचं का कुणबी नोंदीवरून ओबीसी, तर जे काय टाकायचं ते एकदाच ठरवा. कॅपच्या फॉर्मवर एक आणि महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर दुसरं असं झालं की अर्ज अडकला म्हणून समजा.

आता मेन काम, पावती. पैसे भरायच्या आधी फी स्ट्रक्चरचा कागद मागा, आणि घरी नाही तर तिथंच बाकावर बसून पेन घेऊन त्याच्या चार ढिगाऱ्या करा. मी प्रत्येक ओळीपुढं क, ख, ग, घ लिहितो.

क म्हणजे शिक्षण आणि परीक्षा शुल्क. पात्र असाल तर इथं शून्य पायजे किंवा ‘शासनाकडून येणे’ असं. बरीच कॉलेजं म्हणतात आधी पूर्ण भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ. पात्र पोरींकडून ॲडमिशनच्या वेळी ही फी घेऊ नका असं शासनानं कॉलेजांना सांगितलेलं आहे, तेव्हा इथं गप्प बसायचं नाही. कॉलेजवाले असं का करतात ते पण खरं सांगतो, सरकारकडून प्रतिपूर्ती उशिरा येते, विनाअनुदानित कॉलेजात मास्तरांचा पगार त्याच पैशातून व्हायचा असतो, मग ते तुमच्या बापाला बिनव्याजी बँक समजतात. अडचण खरी आहे, पण ती सरकार आणि संस्था यांच्यातली आहे, सोयाबीनवाल्याची नाही.

ख म्हणजे विद्यापीठाच्या नावानं घेतलेलं. पात्रता फी, युवक महोत्सव, अश्वमेध (विद्यापीठांमधल्या खेळांच्या स्पर्धा), विद्यार्थी कल्याण, आपत्ती व्यवस्थापन, एनएसएस वगैरे. हे कॉलेज गोळा करतं आणि यातला ठरलेला वाटा विद्यापीठाला जातो. याचे रेट विद्यापीठाच्या परिपत्रकात असतात, वेबसाईटवर सापडतात. ताळा करायला दोन मिनिटं लागतात. आकडे छोटे असतात, कुठं वीस, कुठं पन्नास, म्हणून कोणी बघत नाही, पण एखाद्या बाबीत परिपत्रकात ३० आणि पावतीत १०० असं निघालं तर तो प्रश्न एकट्या तुमचा राहत नाही, दीड हजार पोरांचं कॉलेज असलं तर ७० गुणिले दीड हजार, एक लाख पाच हजार होतात.

ग म्हणजे कॉलेजचं स्वतःचं. जिमखाना, ग्रंथालय, प्रयोगशाळा, वार्षिक अंक, ओळखपत्र, स्नेहसंमेलन, इंटरनेट, आणि ते माजी विद्यार्थी. खरा खेळ इथं आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण नियमांत लिहिलंय की प्रवेश सुरू व्हायच्या किमान ६० दिवस आधी कॉलेजनं माहितीपत्रक काढायचं आणि त्यात फीची, डिपॉझिटची प्रत्येक बाब वेगळी दाखवायची. म्हणून मे महिन्यातच कॉलेजच्या वेबसाईटवरचं ते पान स्क्रीनशॉट मारून ठेवा, तारीख दिसंल असा. माहितीपत्रकात नसलेली ओळ पावतीवर उगवली तर तिला हरकत घेता येते. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेज असंल तर अजून एक जागा आहे, २०१५ च्या कायद्यानं झालेलं शुल्क नियामक प्राधिकरण, त्यांच्या साईटवर कॉलेजचं नाव टाकलं की त्या वर्षीची मंजूर फी दिसते. मंजुरीच्या वर कोणी मागत असलं, डोनेशन म्हणा, इमारत निधी म्हणा, तर त्यासाठी १९८७ पासून कॅपिटेशन फी बंदीचा कायदाच आहे.

घ म्हणजे अनामत. ग्रंथालय डिपॉझिट, लॅब डिपॉझिट, कॉशन मनी. हे तुमचेच पैसे आहेत, नुसते ठेवायला दिलेले, कोर्स संपला की परत मिळतात. हे बहुतेक पोरं विसरतात आणि कॉलेजला पण आठवण करून द्यायची घाई नसते.

ढिगाऱ्या झाल्या की तोंडी भांडू नका. आपल्या माणसांचं इथंच चुकतं, खिडकीवर आवाज चढवायचा आणि शेवटी चिडून पैसे भरून निघायचं. एक अर्ज लिहायचा, दोन प्रती. मजकूर असा:

"प्रति, मा. प्राचार्य. विषय: प्रवेश शुल्काचा बाबनिहाय तपशील मिळणेबाबत. महोदय, मी कॅप फेरीतून आपल्या महाविद्यालयात प्रवेश घेत आहे. दि. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार मी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफीस पात्र आहे. मला भरण्यास सांगितलेल्या इतर शुल्काचा बाबनिहाय तपशील, प्रत्येक बाबीच्या मंजुरीचा संदर्भ, ऐच्छिक बाबी कोणत्या व परत मिळणारी रक्कम किती, हे लेखी कळवावे. एकरकमी भरणे शक्य नसल्याने उर्वरित रक्कम तीन हप्त्यांत भरण्याची परवानगी द्यावी, ही विनंती."

हा अर्ज आवक-जावकच्या टेबलवर द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्यायचा. तो शिक्का बसला की वातावरणच बदलतं, खरं सांगतो. आमच्या वेळी अर्ज आत गेला, अर्ध्या तासानं ऑफिस सुपरिटेंडेंट बाहेर आले, मामाला खुर्ची दिली, आणि कळलं की माजी विद्यार्थी फी ‘ऐच्छिक’ आहे आणि वार्षिक अंकाची पण एकाच घरातले दोघं असले तर सूट असते. ऐच्छिक होतं तर पावतीवर आपोआप कसं आलं हे मी विचारलं, त्यावर ते म्हणाले सॉफ्टवेअरमध्ये तसंच सेट आहे. ट्युशन सोडून बाकीचे पैसे तीन हप्त्यांत झाले, त्यातला एक दिवाळीनंतरचा, म्हणजे नवीन माल निघाल्यावरचा. मागितलं नसतं तर कोणी दिलं नसतं.

अर्जाला उत्तरच नाही आलं तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडं लेखी द्या. प्रत्येक कॉलेजात ही समिती असायलाच पायजे, तिनं १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, तिथं समाधान नाही झालं तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडं अपील. पोरं घाबरतात की नंतर इंटर्नलला मार्क कापतील. भीती खोटी नाही, म्हणून एकट्यानं जाऊ नका, वर्गातल्या आठ-दहा जणांच्या सह्या घ्या, कोणाच्या तोंडावर राग काढायचा तेच कळत नाही मग.

महाडीबीटीचं थोडक्यात. अर्ज भरला म्हणजे काम झालं नाही, अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या, मग विभागाच्या. निम्मे अर्ज पहिल्याच पायरीवर झोपलेले असतात आणि पोरगं घरी वाट बघतंय. पंधरा दिवसाला एकदा स्टेटस बघा, ‘सेंड बॅक’ आलं तर कारण वाचून दुरुस्त करून त्याच दिवशी परत पाठवा. दरवर्षी रिन्यूअल करावं लागतं. नेट कॅफेवाल्याचा मोबाईल नंबर आणि त्यानंच ठेवलेला पासवर्ड, हे मात्र करू नका, दुसऱ्या वर्षी ओटीपी त्याच्याकडं जातो आणि तो पुण्याला गेलेला असतो.

बीए, बीएस्सी, बीकॉमवाल्यांनी वाचणं सोडू नका. अनुदानित कॉलेजात तुमची ट्युशन फी मुळातच कमी असते, ‘इतर’चीच बेरीज तिच्या वर जाते, म्हणून ख आणि ग तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. आणि दुष्काळ. राज्य सरकारनं तालुका दुष्काळग्रस्त जाहीर केला की ज्या सवलती लागू होतात त्यात परीक्षा शुल्क माफी असते. ऑक्टोबर २०२३ ला ४० तालुके जाहीर झाले तेव्हा जमीन महसुलात सूट, पंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट यांच्यासोबत ही पण होती. शेतकरी वीजबिलाचं लक्षात ठेवतो, पोराच्या परीक्षा फीचं कोणी सांगतच नाही. तालुका यादीत आला की तलाठ्याचा दाखला घेऊन कॉलेजात विचारायला जा.

आता जरा मन मोकळं करतो. जिमखाना फी, महोत्सव फी मुळात वाईट आहे असं मी म्हणत नाही. युवक महोत्सवात आमच्या भागातली पोरं भारूड, पोवाडा, लोकनाट्य घेऊन उतरतात, तिथून इंद्रधनुष्यला राज्यभरातल्या विद्यापीठांसमोर जातात, कबड्डी-खोखोवाली अश्वमेधला जातात, आणि त्यांचा प्रवास, ड्रेस, ढोलकीवाला हे सगळं असल्याच वीस-पन्नास रुपयांतून होतं. सगळ्यांनी थोडं थोडं घालायचं आणि ज्याच्या अंगात गुण आहे त्यानं पुढं जायचं, गावच्या वर्गणीसारखं. पण गावच्या वर्गणीचा हिशोब सप्ताह संपला की पारावर वाचून दाखवतात. कॉलेजात कोण वाचून दाखवतं? आणि सहाच्या एसटीनं येऊन दोनच्या एसटीनं परत जाणारी पोरगी जिमखान्याची पायरी कधी चढणार, जिमखाना उघडतो संध्याकाळी. ती ज्याचे पैसे भरते ते तिनं कधी बघितलेलंच नसतं.

जर्मनीला गेलेल्या लातूरच्या एका मित्राकडून कळलं, तिकडं बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्युशन फी नाही, २०१४ पर्यंत सगळ्या राज्यांनी ती काढून टाकली, नंतर एका राज्यानं युरोपबाहेरच्या पोरांना परत लावली. पण दर सेमिस्टरला एक वर्गणी भरावीच लागते, विद्यार्थी संघटना, मेस-होस्टेल चालवणारी संस्था आणि बऱ्याच ठिकाणी बस-रेल्वेचं तिकीट मिळून. म्हणजे फुकटातला ‘बाकीचं’ तिकडं पण आहे, फक्त त्यात प्रवास येतो. आपल्याकडं एसटीच्या विद्यार्थी पासला ६६ टक्क्यांची सूट आहे, पण पास वेगळा काढावा लागतो. कोणी मला विचारलं तर मी माजी विद्यार्थी फी काढून तिथं एसटीचा पास घालीन.

आपल्याकडं कॉलेज हीच गोष्ट उशिरा आली. निजामाच्या काळात डिग्रीसाठी हैदराबादला उस्मानियाला जावं लागायचं, बाबासाहेबांनी १९५० ला औरंगाबादेत कॉलेज काढलं तेव्हा कुठं दार उघडलं, आणि विद्यापीठ आलं १९५८ ला. घटनेच्या ४१ व्या कलमात राज्यानं ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ शिक्षणाची सोय करायची असं आहे, १९७९ ला भारतानं मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय करारात उच्चशिक्षण टप्प्याटप्प्यानं मोफत करत जायचं असं पण आहे. टप्पा म्हणून २०२४ चा जीआर मोठा आहे, मी त्याला नावं ठेवत नाही, त्याच्यामुळं आमची पोरगी आज इंजिनिअरिंगला आहे. पण पुढचा टप्पा ही पावतीवरची पानभर यादी आहे, आणि ती कमी व्हायची असंल तर आधी कोणीतरी ती वाचायला लागंल.

जिमखान्याचा हिशोब बघायचा असंल तर माहिती अधिकार. कॉलेज अनुदानित किंवा सरकारी असंल तर सरळ टाका, जोडपत्र ‘अ’चा नमुना, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाही. एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, नाहीतर तेवढ्यावरून परत पाठवतात. ‘भ्रष्टाचार झाला का’ असं विचारू नका, ‘२०२४-२५ मध्ये जिमखाना शुल्कापोटी जमा रक्कम आणि बाबनिहाय खर्चाची प्रत द्यावी’ एवढंच. ३० दिवसांत उत्तर यायला पायजे.

ॲडमिशन रद्द करायची वेळ आली तर तारीख बघून पळा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमानं प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा जास्त आधी रद्द केलं तर पूर्ण फी परत, फक्त ५ टक्के आणि तेही ५ हजारांच्या आत प्रोसेसिंग म्हणून कापता येतं. १५ दिवसांपेक्षा कमी राहिले असले तर ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८०, तीस दिवसांपर्यंत ५०, त्यानंतर शून्य. पण अनामत पूर्ण परत, कधीही रद्द केलं तरी. कॅपच्या कोर्सला सीईटी सेलची (प्रवेश फेऱ्या घेणाऱ्या सरकारी कक्षाची) वेगळी तारीख असते, ती आधी बघा. मूळ मार्कमेमो कॉलेजला ठेवून घेता येत नाही, तपासून परत द्यायचा असतो.

शेवटचं, पावती. बऱ्याच ठिकाणी ती मशीनच्या गुळगुळीत कागदावर येते आणि उन्हाळाभर पत्र्याच्या घरात राहिली की कोरी होते, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स मारा आणि मोबाईलमध्ये फोटो. आमच्या मामानं अनामतीची पावती झेरॉक्ससकट सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलीय, वर पेनानं लिहिलंय, ‘चार वर्षांनी मागणे’.